पहिला बार कोणी काढायचा?

'बार' या एका शब्दाने यंदा मला फार छळलं. आम्हा मेकॅनिकलवाल्यांच्या पुस्तकात बार म्हणजे दाबाचं माप. एक बार म्हणजे साधारण आपल्या डोक्यावरच्या हवेचा दाब. सिव्हिलच्या मुलांना विचारा, ते सळई म्हणतील. हॉस्टेलच्या मुलांना विचारलं तर... जाऊ द्या, हा अंक रेक्टरसुद्धा वाचतात! आणि माझ्या मामाच्या गावी, शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी, बार म्हणजे बंदुकीचा आवाज. तिथे बार काढतात, बार भरतात, आणि कधीकधी तो फुसकाही निघतो.

मी धुळ्याला कॉन्व्हेंटमध्ये शिकले. त्यामुळे 'ठासणी' हा शब्द मला विसाव्या वर्षी नीट कळला, हे आधीच सांगून टाकते. या लेखाचं शुद्धलेखन माझ्या रूममेटने तपासलंय. उरलेल्या चुका तिच्या खात्यावर लिहाव्यात ही विनंती.

तर विषय बंदुकीचा आहे. माझ्या आईच्या वडिलांची, म्हणजे आबांची, एक ठासणीची बंदूक होती. ठासणीची म्हणजे जिला काडतूस लागत नाही. दारू, बोळा, छर्रे सगळं नळीच्या तोंडातून आत जातं आणि लोखंडी गजाने ठासून बसवावं लागतं. एक बार झाला की पुन्हा पहिल्यापासून सगळं. तोपर्यंत रानडुक्कर दोन शेतं ओलांडून गेलेलं असतं. आबा त्यात छर्रे घालतच नसत. नुसती दारू आणि बोळा. मक्याच्या शेतात रात्री आवाज झाला की पुरे. (बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारण्याचा परवाना नव्हे. त्यासाठी वनखात्याचा कागद वेगळा लागतो, हे गावात सगळ्यांना पाठ आहे.)

तुम्हाला वाटेल, असली बंदूक आता म्युझियममध्येच असेल. नाही! १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचं कलम १३ काढून बघा. पिकाच्या राखणीसाठी परवाना द्यायचा तर तो ठासणीच्या बंदुकीचा द्यावा, असं त्यात चक्क लिहिलंय. त्या बंदुकीने भागत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तरच दुसरी, गुळगुळीत नळीची बंदूक. म्हणजे संसदेत बसून कोणीतरी ज्वारी-मक्याचा विचार करून बंदूक निवडली. बहुतेक ती इतकी हळू चालते म्हणूनच निवडली असावी, हा आपला माझा अंदाज.

आबा दोन वर्षांपूर्वी गेले. परवानाधारक गेला की हत्यार घरात ठेवता येत नाही. पोलीस ठाण्यात किंवा परवाना असलेल्या बंदूक-दुकानदाराकडे जमा करावं लागतं. मामाने ती धुळ्याच्या एका दुकानात जमा केली. आबांना जमा करण्याची सवयच होती म्हणा. निवडणूक लागली की आचारसंहितेत बंदूक ठाण्यात, निकाल लागला की घरी. आजी म्हणायची, माझ्यापेक्षा हीच जास्त वेळा माहेरी जाते.

आता मामाला परवाना आपल्या नावावर करून घ्यायचा होता. डुकरं वाढलीत, मका लोळवतात, केळीचे खांब उपटतात. सुट्टीत मी गेले तेव्हा घरात हाच विषय. आणि नुकतीच 'थिक सिलिंडर'च्या प्रकरणावर परीक्षा देऊन आलेली मी मधे बोलले. मी विचारलं, "मामा, ती नळी प्रूफ केलेली आहे का?"

घरात शांतता. मामाला वाटलं मी वॉटरप्रूफबद्दल विचारते आहे.

प्रूफ म्हणजे काय ते सांगते, कारण आमच्या वर्गातही निम्म्यांना माहीत नव्हतं. नवी नळी कोणाच्याही खांद्याला लागण्याआधी एका जागी घट्ट बांधतात. नेहमीपेक्षा मुद्दाम जास्त दाब होईल असा बार भरतात, माणसं भिंतीआड जातात आणि लांबून उडवतात. मग नळी पुन्हा मोजतात. कुठे फुगली का, कुठे चीर गेली का, सांधा हलला का. सगळं ठीक असेल तरच नळीवर शिक्का ठोकतात. लंडनच्या बंदूक-कारागिरांच्या कंपनीला १६३७ मध्ये सनद मिळाली, तेव्हापासून ही परंपरा तिथे आहे. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३ च्या कायद्याने उभं राहिलं. शिक्क्याशिवाय बंदूक विकणं हा ब्रिटनमध्ये गुन्हा आहे. आजच्या युरोपीय नियमात रायफलच्या काडतुसाला ठरलेल्या कमाल दाबाच्या सव्वापट दाब देऊन प्रत्येक हत्यार तपासतात. प्रत्येक, बरं का! शंभरातलं एक नव्हे.

हा फरक मला फार आवडतो. आपल्या जळगाव जिल्ह्यात वरणगावला आयुध निर्माणी आहे. १९६४ पासून तिथे लहान शस्त्रांची काडतुसं बनतात. काडतूस तपासायचं म्हणजे ते उडवायचं. सगळी तपासली तर पेटीत काहीच उरणार नाही, म्हणून काडतुसांच्या प्रत्येक खेपेतून नमुने काढतात आणि नमुन्यावरून खेपेचा निकाल लावतात. क्वालिटी कंट्रोलच्या पेपरला आपण जे सॅम्पलिंग घोकतो ते हेच. पण नळी तपासल्यावरही शिल्लक राहते. म्हणून तिला सवलत नाही. प्रत्येकीने एकदा तरी कोणाच्या खांद्याविना तो मोठा बार सोसून दाखवायचा.

आबांच्या बंदुकीवर कारखान्याचं नाव नाही. आबांच्या वडिलांच्या काळात चोपड्याकडच्या कोण्या लोहाराने ती घडवली, एवढंच घरात सांगतात. नळीवर एक नंबर ठोकलेला आहे, जो परवान्यावर आहे तोच. ही बंदूक कोणाची, हे तो नंबर सांगतो. ही नळी किती सोसते, हे तो सांगत नाही.

मामाचं उत्तर मात्र जोरदार होतं. "सत्तर वरीस व्हयनात, उडी र्‍हायनी ना ती? आजून काय टेस्ट पाहिजे तुले?"

खरं सांगते, मला लगेच उत्तर सुचलं नाही. सत्तर वर्षं म्हणजे आमच्या लॅबमधल्या कुठल्याही मशीनपेक्षा जास्त. कॉलेजला परत आल्यावर आमच्या सरांना गाठलं. सर म्हणाले, सत्तर वर्षं चालली म्हणजे सत्तर वर्षं *चालली*, इतकंच सिद्ध होतं. लामेच्या सूत्राने जाड नळीत सर्वात जास्त ताण कुठे येतो? आतल्या भिंतीवर. काळ्या दारूचा कचरा कुठे साठतो? आतल्या भिंतीवर. तो कचरा हवेतलं पाणी ओढतो, लोखंडाला गंज चढतो, बारीक खड्डे पडतात. आणि तडा सुरू व्हायला खड्ड्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही. म्हणजे जिथे ताण जास्त, तिथेच लोखंड कमी होत जातं. प्रत्येक बाराला नळी थोडी वेगळी होते. आज तपासलेली नळी आणि पन्नास वर्षांपूर्वीची नळी, नाव एकच, पण वस्तू दोन.

आबा दरवर्षी खंडेनवमीला बंदूक पुसायचे. दस्त्याला तेल, नळीला तेल, वर झेंडूचा हार. काय चमकायची! पण पूजा बाहेरून होते.

हे सगळं मी फोनवर मामाला सांगितलं. मामा हुशार माणूस आहे, गावातले पंप तोच दुरुस्त करतो. तो म्हणाला, ठीक आहे, मग आपणच तुझं ते प्रूफ करून टाकू. परवाना झाला की बंदूक निंबाच्या झाडाला बांधतो, जास्त दारू भरतो, लांब दोरी लावतो आणि बांधाआडून ओढतो. टिकली तर टिकली, फुटली तर फुटली. पटतंय की नाही?

मला आधी पटलंच! दोरी आणि बांध म्हणजे मामाचं बर्मिंगहॅमच झालं की. पण रात्री मेसमधून आल्यावर विचार करत बसले आणि तीन गोष्टी अडल्या.

पहिली म्हणजे कायदा. त्याच अधिनियमाचं कलम ५ सांगतं की हत्यार बनवणं, विकणं, दुरुस्त करणं याला परवाना लागतो, आणि त्याच ओळीत हत्याराची चाचणी घेणं आणि प्रूफ करणं हेही लिहिलंय. पिकाच्या राखणीचा परवाना म्हणजे प्रूफ हाउसचा परवाना नव्हे.

दुसरी गोष्ट जास्त खोल आहे, आणि ती कळायला मला वेळ लागला. समजा नळी टिकली. मग काय कळलं? जास्त दाबाने आतला एखादा तडा अर्ध्यापर्यंत उघडला असेल, तर ती नळी त्या दिवशी पास झाली, पण आधीपेक्षा कमजोर होऊन. म्हणून खऱ्या प्रूफ हाउसमध्ये बार हा निम्माच भाग असतो. आधीची मापं, नंतरची मापं आणि पाहणारा डोळा हा उरलेला निम्मा. मोजमाप न करता नुसता मोठा बार काढणं म्हणजे पेशंटला पळवून बघायचं आणि ईसीजी काढायचाच नाही, तसलं. झाड आणि दोरी मामाकडे आहे. पुढचं काही नाही.

याचं एक मोठं उदाहरण इंजिनिअरिंगच्या इतिहासात आहे. २८ फेब्रुवारी १८४४. अमेरिकन नौदलाच्या 'प्रिन्स्टन' या नव्या जहाजावर राष्ट्राध्यक्ष टायलर आणि बडी मंडळी सहलीला आली होती. जहाजावर बारा इंची तोंडाच्या दोन तोफा. एक इंग्लंडात घडवलेली, भरपूर तपासलेली, चीर दिसल्यावर मागच्या भागावर लोखंडी कडी चढवून मजबूत केलेली. दुसरी तिच्यावर बेतलेली, पण अमेरिकेत घडवलेली आणि जास्त जाड. नाव ठेवलं होतं 'पीसमेकर'. जाड आहे म्हणजे मजबूतच असणार, असं धरून तिला मोजकेच बार काढून पास केलं. त्या दिवशी पाहुण्यांच्या आग्रहाखातर आणखी एक बार काढला आणि तोफ मागच्या बाजूला फुटली. परराष्ट्रमंत्री, नौदलमंत्री आणि आणखी चार जण गेले. राष्ट्राध्यक्ष खाली होते म्हणून वाचले. फ्रँकलिन इन्स्टिट्यूटच्या समितीने नंतर तुकडे तपासले, तेव्हा लोखंडाच्या जोडकामातच दोष सापडला. बाहेरून ती तोफ देखणी होती. चकचकीत.

तिसरी अडचण माझ्या डोक्यात पाइपामुळे आली. मामा सहज बोलून गेला होता की आबांची नळी गेली तर गेली, आमच्या भागात नवी 'बसवून' देणारे आहेत. कसली नळी? तर पाण्याची! हे ऐकून मात्र मी ओरडले. आपण वर्कशॉपला जो जीआय पाइप आटे पाडायला वापरतो, त्यावरही शिक्का असतो, आयएस १२३९. खोटा नाही तो शिक्का. तो पाइप पाण्याच्या ५ मेगापास्कल, म्हणजे ५० बार दाबाला तपासलेला असतो. काळी दारू नळीत पेटली की दाब शेकडो बारवर जातो, तोही डोळ्याचं पातं लवायच्या आत. शिवाय त्या पाइपला लांबीभर वेल्डिंगचा सांधा. एका बाराला शेकडो बार! मराठीत हा श्लेष छान जमतो, पण नळी धरणाऱ्याला नाही.

चोपडा तालुक्यात, मध्य प्रदेशच्या सीमेवर उमर्टी आहे. पलीकडे बडवानी जिल्ह्यातली उमर्टी. तिथल्या गावठी कट्ट्यांच्या बातम्या आपल्याकडच्या पेपरात वर्षभर येतात. 'गावठी कट्टा व जिवंत काडतुसे हस्तगत', खाली आरोपी आणि पोलिसांचा फोटो. नोव्हेंबर २०२५ मध्ये तर पुण्याच्या पोलिसांनी तिथवर जाऊन भट्ट्या मोडल्या. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा हत्यार बनवण्याला कमीत कमी सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. ती गुन्ह्याची बाजू झाली, आणि ती सगळ्यांना माहीत आहे. मला दुसरीच गोष्ट खटकते. त्या कट्ट्याची टेस्ट कोण करतं? बनवणारा स्वतःच्या हाताला कशाला इजा करून घेईल? विकणारा विकून मोकळा. म्हणजे पहिला मोठा बार, जो भिंतीआडून दोरीने काढायचा, तो विकत घेणाऱ्याच्या मुठीत निघतो. त्याची मूठ हेच टेस्टिंग मशीन. आणि मूठ फुटली तर तो डॉक्टरला तरी खरं सांगेल का?

कट्टा लांबची गोष्ट वाटत असेल तर ऑक्टोबर २०२५ ची दिवाळी आठवा. भोपाळ आणि आसपास कार्बाइड गन विकल्या गेल्या. प्लास्टिकचा पाइप, आत कार्बाइड आणि पाणी. शंभराहून जास्त जण, बरीचशी शाळकरी मुलं, डोळे भाजून दवाखान्यात गेले, काहींची नजर गेली. बार निघाला नाही म्हणून मुलं नळीत डोकावून बघत आणि तेवढ्यात तो निघे. हवेत अडीच टक्क्यांपासून ऐंशी टक्क्यांपर्यंत कितीही ॲसिटिलीन मिसळलेला असला तरी तो पेटू शकतो, म्हणजे इतका बेभरवशाचा गॅस दुसरा शोधून सापडायचा नाही. वर भिजलेल्या कार्बाइडचा चुना डोळ्यात. केळी पिकवायला कार्बाइड वापरायला बंदी असली तरी आपल्या केळीपट्ट्यात हा शब्द कोणाला नवा नाही, आणि पाइप तर जळगावात काय, मागाल तितका. माकडं हाकलायला असल्या नळ्या मी स्वतः शेतात पाहिल्यात. तिलाही 'बंदूक'च म्हणतात. तिच्यावरही कोणाचा शिक्का नाही.

आबांना दाबाची सूत्रं माहीत नव्हती, पण एक गोष्ट ते आम्हा नातवंडांसमोर दर वेळी करायचे. बंदूक हातात घेतली की आधी गज नळीत सोडायचा. गजावर त्यांनी कानसने एक खूण घासली होती. खूण नळीच्या तोंडाशी आली तर रिकामी, वर राहिली तर आत काहीतरी आहे. "पहिले गज टाकीसन देख, मंग हात लाव. भरेल शे का रिकामी, कोनले माहीत?" ठासणीच्या बंदुकीची खरी गोम हीच आहे. ती भरलेली आहे हे बाहेरून दिसत नाही, म्हणून माणूस बारावर बार भरतो. अमेरिकेतल्या गेटिसबर्गच्या लढाईनंतर, १८६३ मध्ये, रणांगणावरून सत्तावीस हजारांवर बंदुका गोळा केल्या. त्यांपैकी सुमारे बारा हजारांत दोन-दोन बार भरलेले निघाले आणि एकीत तेवीस! शिपाई घाईत ठासत राहिले, आधीचा बार उडालाच नाही हे गडबडीत कळलं नाही. असा बार कुठलाही शिक्का सोसणार नाही. त्याला आबांची खूणच लागते. (सरांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, तुझे आबा वर्कशॉप सुपरिंटेंडेंट व्हायला हवे होते.)

मग आमच्या नळीचं काय, हा प्रश्न राहिलाच. माझ्या डोक्यात आलं, आपल्याकडे अल्ट्रासॉनिक आहे, डाय पेनिट्रंट आहे, न फोडता तपासता येईल! पण कॉलेजात बंदूक? आमच्या हॉस्टेलला कपड्यांची इस्त्री आणायला परवानगी नाही. आणि परवान्याशिवाय ती दुकानातून उचलणं हाच मुळात गुन्हा.

शेवटी सोपा मार्ग मामालाच सुचला. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं धुळ्याला त्या दुकानात गेलो. दुकानदारांचं वय सत्तरच्या पुढे, चष्मा नाकावर. मामाने विचारलं, "काका, तुम्ही हिच्यात एक बार भरून उडवाल का?" काकांनी काही न बोलता नळी मोकळी केली, मागून बारीक बल्ब सोडला आणि तोंडातून बराच वेळ पाहिलं. मग मला म्हणाले, "तू बघ." मी पाहिलं. तोंडाकडे ठीक होतं. खाली, जिथे दारू बसते तिथे, वीतभर भाग कीड लागलेल्या दातासारखा. खड्ड्यात खड्डे. काका म्हणाले, "मी नाही उडवणार. आणि उडवायला योग्य आहे असं कोणी लिहून मागितलं तर लिहूनही देणार नाही."

परत येताना बसमध्ये मामा गप्प होता. शिरपूर फाट्याला उतरताना म्हणाला, "आबा नशीबवान होते." मी म्हटलं, "छर्रे घालत नव्हते मामा, म्हणून दाब कमी होता." त्यावर तो हसला. त्याला नशीबच बरं वाटलं असावं.

वारसाचा अर्ज त्याने पुढे नेला नाही. बंदूक कायमची जमा करण्याचा अर्ज दिलाय, तो सध्या कुठल्याशा टेबलावर आहे. मक्याभोवती आता सोलरचं झटका मशीन लावलंय, तारेला हात लावून मी खात्री करून घेतली, झटका बऱ्यापैकी बसतो. डुकरं सध्या शेजारच्या पाटलांच्या शेतात जातात. त्यामुळे पाटील मामाशी बोलत नाहीत.